रावसाहेब ओव्हाळांच्या लाल केसांचा तपास

रावसाहेब ओव्हाळांना कुणी फसवलं, असं धायरीत आजवर कुणी म्हटलेलं नाही. रावसाहेबांनी कुणावर विश्वास ठेवला, असंही कुणी म्हटलेलं नाही. दूधवाल्यानं पातेल्यात दूध ओतलं की हे आधी पातेलं हलवून बघणार, मग वास घेणार, आणि मग दूधवाल्याकडे बघणार. कलिंगडवाल्यानं टिचकी मारून दाखवलेलं कलिंगड सोडून शेजारचं उचलणार, कारण त्यानं नेमकं तेच का दाखवलं? सोसायटीत 'लिफ्ट दुरुस्त झाली आहे' अशी पाटी लागली, तेव्हा रावसाहेब आठवडाभर जिन्यानं चढले. दुरुस्त झालेल्या लिफ्टला पाटी कशाला लागते, हा त्यांचा सवाल.

हा स्वभाव त्यांच्या नोकरीनं पोसला. खडकीकडच्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. सुटा भाग हातात घ्यायचा, मापाला लावून बघायचा, आणि केसभर जरी फरक निघाला तरी त्याच्यावर लाल रंगाचा फराटा ओढून बाजूला टाकायचा. उभी हयात त्यांनी हेच केलं. एखाद्या माणसाशी बोलतानाही ते त्याला मापाला लावून बघताहेत असं वाटायचं, आणि बोलणं संपल्यावर समोरचा नकळत स्वतःच्या सदऱ्यावर फराटा शोधायचा.

निवृत्तीनंतर ते बौद्धाचार्य झाले. म्हणजे भिक्खू नव्हेत. घरदार, बायको, सून असलेले संसारी गृहस्थ. पण समाजातली लग्नं, नामकरणं, गृहप्रवेश लावायचं काम त्यांच्याकडे. पांढरा शुभ्र सदरा-लेंगा घालून ते पुढे उभे राहिले की मांडवातली कुजबुज आपोआप थांबायची. आणि इथं मात्र त्यांच्या संशयाचं सोनं व्हायचं. लग्न लावण्याआधी ते नवऱ्यामुलीला बाजूला घ्यायचे आणि विचारायचे, "बाळ, कुणी जबरदस्ती केली नाही ना? आई-बापानं शिकवलेलं उत्तर नको. तुझं सांग." मांजरी गावात एकदा मुलीच्या चेहऱ्यावरून त्यांना वय कमी वाटलं. शाळेचा दाखला मागितला, कुणी दाखवेना. रावसाहेबांनी मेणबत्ती विझवली, चपला घातल्या आणि सरळ बसस्टॉप गाठला. त्या दिवशी त्यांनी पोटभर शिव्या खाल्ल्या. पुढे तीच मुलगी शिकून नर्स झाली आणि स्वतःच्या लग्नाला गाडी पाठवून त्यांनाच घेऊन गेली.

आता केसांकडे यायला हरकत नाही.

अडुसष्टाव्या वर्षी रावसाहेबांचे केस काळेभोर होते. इतके काळे, की त्यांच्यापेक्षा धाकटी माणसं त्यांच्या शेजारी बसून फोटो काढायला कचरत. बरं, गप्प बसावं ना माणसानं? पण प्रत्येक लग्नात, आशीर्वादाच्या भाषणात, रावसाहेब डोक्यावरून हात फिरवून म्हणायचे, "तंबाखू नाही, दारू नाही, पहाटे उठतो, खरं बोलतो. माझे केस बघा!" लोक बघायचे. बायका नवऱ्यांना कोपरानं ढोसायच्या. किती जणांनी त्या केसांकडे बघून तंबाखू सोडली हे ठाऊक नाही, पण डबी लपवून ठेवायला बरेच जण शिकले.

रावसाहेब महिन्या दीड महिन्यानं पहाटे उठून बाथरूममध्ये 'आवळ्याचा लेप' लावत. बायकोला, द्वारकाबाईंना, त्यांनी हेच सांगितलं होतं. द्वारकाबाईंनी जन्मात आवळ्याचा असा वास घेतला नव्हता आणि आवळ्यानं मोरीचा कोपरा काळा पडलेलाही पाहिला नव्हता. पण त्या काही बोलल्या नाहीत. मुलगा कामासाठी परगावी असायचा. सून निकिता हिंजवडीला नोकरीला. लग्न होऊन आल्याच्या पहिल्या महिन्यातच तिनं सगळं ओळखलं आणि तीही काही बोलली नाही. घरातली सगळी माणसं आवळ्याला मान देऊन होती.

एका शनिवारी, एप्रिलातल्या सकाळी, रावसाहेब लेप लावून, अंघोळ करून आरशापुढे उभे राहिले, चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि त्यांना आरशात कोंबडा दिसला.

डोकं लाल झालं होतं. तपकिरीकडे झुकणारं बिकणारं काही नाही. जास्वंदीसारखं लाल. खिडकीतून उन्हाची तिरीप पडली होती तिथं तर ते नुसतं पेटलं होतं.

दुसरा कुणी ओरडला असता. रावसाहेब ओरडले नाहीत. त्यांनी पहिला प्रश्न स्वतःला विचारला तो असा: हे कुणी केलं?

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आनंद आणि दीपमाला सोनवणेंच्या तेजस्विनीचं लग्न होतं. आनंद-दीपमालाचं लग्नही रावसाहेबांच्याच ओळखीनं जुळलेलं. धायरीतलं सगळं कार्यालय भरणार होतं. पांढऱ्या कपड्यांवर हे असं डोकं घेऊन त्या पोरीपुढे उभं राहायचं? आणि खरं बोलायला सांगायचं? लोक हसले तर मांडवात पुन्हा कधी कुणी गप्प बसणार नव्हतं. म्हणजे हे कुणीतरी मुद्दाम, वेळ बघून केलेलं होतं. रावसाहेबांच्या मनात शंका उरली नाही. डोक्याला फेट्यासारखा टॉवेल गुंडाळून ते बाहेर आले.

"अहो, टॉवेल सोडा, ओला आहे," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मला सांग, काल संध्याकाळपासून बाथरूममध्ये कोण कोण गेलं होतं?"

"घरातले सगळेच. बाथरूम आहे ते. वस्तुसंग्रहालय नाही."

"माझ्या लेपाला कुणी हात लावला?"

तेवढ्यात निकिता चहाचा कप घेऊन आली आणि किंचाळलीच. "पप्पा! रक्त! कानामागून रक्त येतंय!"

द्वारकाबाईंनी पुढे होऊन टॉवेल ओढला.

"चला," द्वारकाबाई म्हणाल्या, "सिंहगड रोडला आणखी एक सिग्नल वाढला."

"हसू नकोस! हे कुणीतरी केलंय!"

"कुणीतरी म्हणजे कुणी? तुमचं डोकं रात्रभर तुमच्याच उशीवर होतं."

इथं रावसाहेबांची पंचाईत झाली. तपास करायचा तर 'माझा काळा रंग कुणीतरी बदलला' असं म्हणायला हवं. आणि तसं म्हणावं तर काळा रंग होता हे आलं. चोरीची तक्रार करायची, पण चोरीला काय गेलं ते सांगायचं नाही, अशातली गत. शेवटी ते म्हणाले, "आवळ्यात कुणीतरी काहीतरी मिसळलं."

"आवळ्यात," द्वारकाबाई म्हणाल्या.

"आवळ्यात," निकिताही म्हणाली आणि चहाच्या कपात बघू लागली.

रावसाहेबांनी तिच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. सुनेच्या केसांत पुढं दोन लालसर बटा होत्या. तिचं सामान त्याच फळीवर असायचं. मागच्याच आठवड्यात, रात्री उशिरापर्यंत फोनवर बोलतेस म्हणून, त्यांनी तिला टोकलं होतं. हेतू आहे, संधी आहे, रंगही जुळतोय.

"निकिता, तुझा तो लाल रंग कुठं आहे?"

"माझा सलूनमध्ये करतात, पप्पा. घरी नाही ठेवत मी." मग तिला खरोखरच दया आली. "पप्पा, एक सांगू? ताजा आहे ना, लगेच धुतला तर बराच उतरतो. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटायच्या, कोंड्याच्या शांपूत कालवायच्या आणि लावून ठेवायचं. मी एकदा जांभळे केले होते, तेव्हा असंच काढलं होतं. क्लायंटची मीटिंग होती म्हणून."

"म्हणजे उतरवायचं कसं हे तुला आधीपासून ठाऊक होतं."

"हो."

"म्हणून चढवलास."

"पप्पा!"

"अहो, पोरगी मदत करतेय," द्वारकाबाई म्हणाल्या. "आरोपी तुम्ही नंतर ठरवा. आधी डोकं."

गोळ्या घरात होत्याच. निकितानं त्या खलबत्त्यात कुटल्या, वाटीत शांपू घालून पेस्ट केली. रावसाहेबांनी वाटीचा वास घेतला. मग कारखान्यातली सवय जागी झाली. "आधी नमुना," ते म्हणाले. "कानामागच्या चार केसांना लाव. ते जळले नाहीत तर पुढचं बघू." निकितानं कानामागं लावलं. सासरा आरशाकडे पाठ करून, मान वाकडी करून, दुसऱ्या हातात द्वारकाबाईंचा पावडरच्या डबीतला आरसा धरून बघत बसला. थोड्या वेळानं धुतलं, तर तेवढी बट खरंच फिकी झाली होती.

मग सगळ्या डोक्याला लेप बसला आणि वर किराणा दुकानाची प्लास्टिकची पिशवी. निकिता बजावत होती, "डोळ्यांत जाऊ देऊ नका, झोंबतं." रावसाहेब स्टुलावर बसून पिशवीखालून दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. धुतलं तेव्हा मोरीतून लाल पाणी वाहिलं, इतकं, की द्वारकाबाईंनी दार लावून घेतलं. खालच्या मजल्यावरचे उगाच पोलिसांना बोलवायचे.

जास्वंदीचा झेंडू झाला. लाल गेला आणि भगवट नारिंगी राहिला.

"आता माझं ऐका," द्वारकाबाई म्हणाल्या. "भांड्यांचा साबण आणि चिमूटभर खायचा सोडा. कढईची काळी राप जाते, तर हे नाही जाणार?"

संशयाची सुई बायकोकडे वळली. केसांवरून भाषण ठोकू नका, असं द्वारकाबाई वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. एकदा तर म्हणाल्या होत्या, 'एक दिवस हे केस तुमचं हसं करतील.' एक दिवस! हे तिला आधीच कसं ठाऊक?

"द्वारका, त्या दिवशी तू म्हणाली होतीस…"

"मी चाळीस वर्षं बरंच काही म्हणतेय. आजच बरं आठवलं! खाली वाका."

साबण-सोड्यानं डोकं करकरीत झालं. टाळू चरचरली, केस झाडूसारखे उभे राहिले. निकिता म्हणाली, "बास आता, आई, नाहीतर केस तुटतील. कोमट तेल चोळू, तेलानंही थोडा उतरतो." रंग आता गाजराच्या हलव्यावर आला होता. फार दूध घातलेल्या.

तेल चोळून, पुन्हा पिशवी बांधून रावसाहेब बसले, तोच बेल वाजली. दारात नवरीची आई दीपमाला. रावसाहेब एवढ्या चपळाईनं बाथरूममध्ये शिरले, की निकिता पुढे कितीतरी दिवस ते आठवून हसत होती.

"जयभीम, काकू. काका कुठायत?"

"आत आहेत," द्वारकाबाई म्हणाल्या. "अंघोळीला."

"जयभीम, दीपमाला!" आतून आवाज आला.

"काका, दुपारची अंघोळ? बरं वाटत नाही का? आवाजही घुमतोय."

"बरा आहे! बोल तू!"

दीपमाला बाथरूमच्या दाराशीच खुर्ची ओढून बसली. "काका, खरं सांगा हं. मुलाकडच्यांचं म्हणणं होतं, वाघमारेंना बोलवा. मी म्हटलं, छे! आमची तेजस्विनीच म्हणते, ओव्हाळ आजोबाच हवेत. ते बाजूला घेऊन विचारतात ना, ते तिला हवंय. तिच्या मैत्रिणीच्या लग्नात कुणी काही विचारलंच नव्हतं, त्याचं पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण तब्येत बरी नसेल तर आत्ताच सांगा. वाघमारेंना मी तयार राहायला सांगते."

"मी येणार!" बाथरूम गरजलं.

"मग झालं. आणि हो, ते केसांचं नक्की बोला हं भाषणात! मुलाचे काका आहेत ना, मोठे, ते तंबाखूचे फार शौकीन आहेत. त्यांना तुमचे केस दाखवायचेच."

बाथरूममध्ये नळ सुटला. जाता जाता दीपमालाची नजर बाल्कनीतल्या दोरीवर गेली. "अगंबाई, टॉवेल गुलाबी कसा हा?"

"रंग जातोय," द्वारकाबाई म्हणाल्या. ते खरंच होतं. फक्त टॉवेलचा नव्हता.

दार लागलं आणि रावसाहेब बाहेर आले ते आरोपी पक्का करूनच. "वाघमारे! ऐकलंत? वाघमारेचं नाव आधीपासून पुढे होतं. माझं डोकं बिघडलं की फायदा कुणाचा? वाघमारेचा!"

सीताराम वाघमारे म्हणजे रावसाहेबांचा कारखान्यातला जुना सोबती आणि आता दुसरा बौद्धाचार्य. गोड बोलणारा. रावसाहेबांच्या मते गोड बोलणं हाच पहिला पुरावा.

"ते आपल्या बाथरूममध्ये कधी आले?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"तेच शोधायचंय."

शोधायला लागलं नाही. संध्याकाळी वाघमारे स्वतःच आले. दीपमालानं त्यांना फोन केला होता, 'काकांचं काही खरं दिसत नाही, तयार राहा' म्हणून. रावसाहेब कोचावर कानटोपी घालून बसले होते.

"जयभीम, रावसाहेब. एप्रिलात कानटोपी?"

"थंडी वाजते."

"मला घाम फुटलाय."

"फुटणारच," रावसाहेब म्हणाले आणि रोखून बघत राहिले. वाघमाऱ्यांनी द्वारकाबाईंकडे पाहिलं. द्वारकाबाईंनी मागून येऊन नवऱ्याची कानटोपी काढून घेतली.

वाघमारे आधी गंभीर राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते कोचावर आडवे झाले. "रावसाहेब! जन्मभर लोकांच्या मालावर लाल फराटे ओढलेस! शेवटी कुणीतरी तुलाच नापास केलं रे!"

"कुणीतरी! तूच म्हणालास, कुणीतरी!"

"अरे बाबा, म्हणण्याची पद्धत असते ती." वाघमाऱ्यांनी डोळे पुसले. माणूस वाईट नव्हता. हसून झाल्यावर ते खरंच विचार करू लागले. "उपाय सांगू? वस्तरा फिरव. सकाळी न्हाव्याकडे जा आणि गुळगुळीत गोटा करून ये. कुणी विचारलंच तर सांग, श्रामणेर शिबिराला गेलो होतो."

ही युक्ती तशी बिनतोड होती. श्रामणेर शिबिर म्हणजे संसारी माणसानं थोडे दिवस मुंडण करून, चीवर नेसून, भिक्खूसारखं राहायचं व्रत. शिबिराहून आलेल्या माणसाला समाजात मान मिळतो. म्हणजे लाल केस तर जातीलच, शिवाय लोक वाकून वंदन करतील. मुलाकडचे तंबाखूवाले काकाही हात जोडतील. रावसाहेबांनी टाळूवरून हात फिरवला. क्षणभर त्यांना तिथं गुळगुळीतपणा जाणवलासुद्धा.

आणि लगेच मनात पाल चुकचुकली. वाघमारे फायद्याचा सल्ला का देतोय?

"तुझ्या पोटात काय आहे, सीताराम?"

"पोटात काय असणार? मैत्री आहे. मला काय उद्याच्या लग्नाची हौस नाही. माझ्या गुडघ्याला उभं राहवत नाही. तू जा, लाव लग्न. आणि उगाच घरातल्यांवर डोळे वटारू नकोस. त्या कर्वेनगरच्या पोरीलाही दोष देऊ नकोस. तिनं विचारलं होतं."

रावसाहेब सावकाश उभे राहिले.

"कुठली कर्वेनगरची पोरगी?"

वाघमाऱ्यांनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता. तरी ते प्यायले.

इथं वाचणाऱ्याला सांगायला हवं, की धायरीत किराणा मिळतो, औषधं मिळतात, केसांचा रंगही मिळतो. पण धायरीत रंग घ्यायचा म्हणजे पेपरात जाहिरात दिल्यासारखं. म्हणून रावसाहेब दर वेळी बस पकडून कर्वेनगरातल्या एका आडबाजूच्या दुकानात जात. तिथं तोंडानं काही मागत नसत. नुसतं बोट दाखवत. खोकं घेतलं की दुकानाच्या बाहेरच, कचऱ्याच्या डब्यापाशी, ते फाडून टाकून देत आणि आतल्या पुड्या तेवढ्या खिशात घालून घरी आणत. कारण घरच्या कचऱ्यात खोकं दिसलं तर कचरा नेणारी चंपा बघणार, आणि चंपानं बघितलं की सोसायटी बघणार. हे सगळं इतकं गुपचूप, की द्वारकाबाईंनाही दुकान ठाऊक नव्हतं. मग वाघमाऱ्याला कसं?

"सीताराम, मी कर्वेनगरला गेलो होतो हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"मी दुकानातच होतो. शांपूच्या मांडणीमागं."

"तू काय करत होतास शांपूच्या मांडणीमागं?"

द्वारकाबाईंनी आता पहिल्यांदाच वाघमाऱ्यांच्या केसांकडे नीट पाहिलं. तेही काळेभोर होते.

"आवळ्याचा लेप घ्यायला गेलो होतो," वाघमारे हळूच म्हणाले.

स्वयंपाकघरात निकिताच्या हातून काहीतरी पडलं. नंतर ती म्हणाली की झाकण होतं.

मग सगळं बाहेर आलं. वाघमारे आत खोकं शोधत असताना दारात रावसाहेब दिसले म्हणून ते मांडणीमागं लपले. रावसाहेबांनी मागं रस्त्याकडे बघत, कुणी ओळखीचं नाही ना याची खात्री करत, नेहमीच्या फळीकडे बोट दाखवलं. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "काका, काळा संपलाय. बरगंडी आहे, चालेल?" आणि रावसाहेब रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "हो हो, दे लवकर."

"मी म्हटलं असेल?"

"दोनदा म्हणालास. पोरीनं पुन्हा विचारलं होतं, 'नक्की ना?' म्हणून."

"मग तू का बोलला नाहीस, गाढवा?"

"बोललो असतो तर मी दिसलो असतो."

या उत्तरात खोट काढायला जागा नव्हती. रावसाहेबांनी प्रयत्न केला, पण सापडली नाही. ज्यांनी सगळ्या धायरीवर नजर ठेवली त्यांनी नेमक्या त्या क्षणी हातातल्या खोक्यावर नजर ठेवली नव्हती. आणि खोकं वाचावं म्हटलं, तर ते कर्वेनगरच्या डब्यात. सून सुटली, बायको सुटली, वाघमारे सुटले. राहिला एकच इसम, आणि तो समोरच्या आरशात बसला होता.

वाघमारे गेल्यावर रावसाहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "द्वारका, करू का गोटा?"

"करा की," द्वारकाबाई भाजी निवडत म्हणाल्या. "पण मग शिबिर कुठं होतं, भन्तेजी कोण होते, तुमचं नाव काय ठेवलं होतं, पहाटे किती वाजता उठवायचे, सगळं पाठ करून ठेवा. लोक विचारणार. आवळ्याला निदान एका वाक्यात भागत होतं."

रावसाहेबांनी मान खाली घातली. पुढे त्या एवढंच म्हणाल्या, "ती पोरगी तुम्हाला खरं सांगायला बसणारे उद्या. बघा बाई."

रविवारी सकाळी कार्यालयात रावसाहेब आले ते पांढऱ्या कपड्यांत आणि उघड्या डोक्यानं. निकितानं सकाळी आणखी एकदा गोळ्यांचा लेप लावून दिला होता. केस मुळांशी पांढरे, मधे फिकट नारिंगी आणि टोकांना गुलाबी. बर्फाचा गोळा विकणाऱ्यानं रंग टाकताना हात आखडता घेतला, तर असा दिसतो. दारातच दीपमालाचा हात तोंडावर गेला. ती काही विचारणार, तोच ते म्हणाले, "नंतर. आधी मुलगी."

आतल्या खोलीत तेजस्विनी पांढऱ्या साडीत बसली होती. इतर बायकांना बाहेर घालवून रावसाहेबांनी विचारलं, "बाळ, कुणी जबरदस्ती केली नाही ना?"

"नाही, आजोबा. मीच निवडलाय. आईला तर सुरुवातीला आवडलाही नव्हता." मग ती त्यांच्या डोक्याकडे बघत राहिली. तिला हसू आवरेना. "तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली का?"

"नाही बाळ. मीही स्वखुशीनं."

ती खळखळून हसली, आणि रावसाहेबही हसले. नवरीच्या खोलीतून आजोबांचा हसण्याचा आवाज येतोय, हे ऐकून बाहेर बायका एकमेकींकडे संशयानं बघायला लागल्या.

पण खरी वेळ पुढेच होती. रावसाहेब मांडवात उभे राहिले आणि कुजबुज थांबायच्या ऐवजी वाढली. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मोबाइल वर झाले. मुलाचे मोठे काका पहिल्याच रांगेत होते. जाड काळी मिशी, गालात तंबाखूची गोळी. त्यांनी गोळी एका बाजूला सारून मोठ्यानं विचारलं, "आचार्य, आम्ही तर ऐकलं होतं, तुमचे केस लई काळे हायेत! हे कसं काय?"

दीपमालानं डोळे मिटून घेतले. वाघमारे चपलेकडे बघू लागले.

"काळे नव्हते," रावसाहेब म्हणाले. माइक चालू होता. "पांढरे आहेत. बरीच वर्षं मी रंग लावत होतो आणि तुम्हाला निर्व्यसनी राहण्याचे गुण सांगत होतो. या वेळी चुकीचा रंग आला. सगळा धुतला, एवढा राहिला. उगवतील तसे पांढरे उगवतील. माझ्या केसांकडे बघून ज्यांनी तंबाखू सोडली असेल त्यांनी पुन्हा धरू नये, तंबाखू वाईटच. केसांचा आणि तिचा संबंध नाही. चला, उभे राहा सगळे."

कुणी हसलं नाही. हसायला फुरसतच नव्हती. कारण त्याच क्षणी, त्या कार्यालयातल्या यच्चयावत बायकांनी मान वळवून आपापल्या नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं होतं. बरीच डोकी काळी होती. बरीच डोकी हळूहळू खाली जाऊ लागली. एकानं रुमाल काढून घाम पुसल्यासारखं केलं आणि रुमाल डोक्यावरच राहू दिला. पहिल्या रांगेत मोठ्या काकांच्या मंडळींनी नवऱ्याच्या मिशीकडे टक लावली.

"तुम्ही दर अमावास्येला गावाकडं कशाला जाता हो?" त्यांनी हळूच विचारलं.

काकांना ठसका लागला. रावसाहेबांनी मेणबत्ती पेटवली, नवरा-नवरीकडे वळून हात जोडले, आणि आता मात्र मांडव असा चिडीचूप झाला, की मेणबत्तीच्या वातीचा आवाज ऐकू यावा.